बसते आणि चालते: फोर्टातल्या काकांना पत्र

काका,

सप्रेम नमस्कार.

माझा चेहरा तुम्हाला आठवणार नाही, पण पिशवी आठवेल. जुन्या शर्टाच्या कापडात गुंडाळलेल्या पाच लेन्स आणि निकॉनचा डी ५३०० हा लहान सेन्सरचा कॅमेरा घेऊन एका शनिवारी साताऱ्याहून मुंबईत, बोरा बझारातल्या तुमच्या दुकानात आलो होतो. फुल-फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यायचं ठरलं होतं. त्याआधी एका मोठ्या दुकानात विचारलं, तर काउंटरवरच्या मुलानं मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा दाखवला आणि म्हणाला, "ॲडॉप्टर लावा, सगळ्या लेन्स चालतील." मी पैसे भरायच्या बेतात होतो. तुमच्याकडे फक्त बुरशी साफ करून घ्यायला आलो होतो.

तुम्ही पिशवी उलगडलीत आणि म्हणालात, "बसतील. चालतील का ते बघू."

त्यानंतरचा दीड तास मी विसरणार नाही. ३५ एमएमची डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठी बनवलेली लेन्स उचलून तुम्ही मागची बारीक पट्टी नखानं सरकवून धरलीत, पाकळ्या उघडल्या, आणि दारातल्या उजेडासमोर लेन्स धरून मागे पांढरा कागद नेलात. कागदावर समोरची इमारत उलटी उमटली, गोल चकतीत. त्याच कागदावर तुम्ही पेन्सिलीनं दोन चौकटी आखल्या होत्या: एक माझ्या सेन्सरएवढी, साधारण २४ बाय १६ मिलिमीटरची, दुसरी फुल-फ्रेमची, ३६ बाय २४ची. लहान चौकट उजेडात पुरती मावली. मोठीचे कोपरे काळवंडले. मग वडिलांची ५० एमएम धरलीत आणि मोठी चौकटही कोपऱ्यांसकट उजळली. लहान सेन्सर चित्र किती कापतो त्यावर, म्हणजे क्रॉप फॅक्टरवर, मी किती व्हिडिओ पाहिले होते, पण हे गणित डोळ्यांनी पाहिलं ते तुमच्या टेबलावर.

डी ७५० या निकॉनच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर डीएक्स लेन्स लावली की कॅमेरा आपोआप मधलाच भाग घेतो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणून १८-५५ विकायला लावलीत. ७०-३०० वर 'डीएक्स' अक्षरं नाहीत, ती पूर्ण चालेल म्हणालात, आणि लगेच विचारलंत, पक्षी टिपतोस का? हो म्हटल्यावर म्हणालात, मग जुना बॉडी विकू नकोस. तिथे ३०० एमएम ४५०सारखी दिसते आणि २४ मेगापिक्सेल सगळे पक्ष्याच्या बाजूला राहतात. नवा कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला जुना ठेवायला सांगणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आत्याच्या यजमानांची १३५ एमएम मी कौतुकानं दाखवली. माझ्या कॅमेऱ्यावर ती बिनतक्रार बसायची. तुम्ही ती जवळजवळ हिसकावून घेतलीत. १९७७ च्या आधीची, एआय, म्हणजे पाकळ्यांचं भोक (अ‍ॅपर्चर) किती ते कॅमेऱ्याला कळवणारी निकॉनची जोडणी, न केलेली लेन्स. डी ५३०० च्या माउंटवर ती छोटी अ‍ॅपर्चर-पट्टी नसते, म्हणून बसते. डी ७५०वर ती पट्टी असते आणि ही लेन्स फिरवून बसवली तर पट्टी मोडू शकते. माझा पहिला आठवडा तिथेच संपला असता, काका. घरी गेल्यावर ती सगळ्यात आधी लावून पाहणार होतो, हे तेव्हा लाजेनं बोललो नाही.

पण खरे आभार ५० एमएमचे. वडिलांची १.८ डी. तिचा ऑटोफोकस बिघडलाय असं तीन वर्षं धरून चाललो होतो. तुम्ही लेन्सच्या मागची स्क्रूची खाच दाखवलीत: हिला स्वतःची मोटर नाही, बॉडीतली मोटर फिरवते, तुझ्या बॉडीत ती नाही. त्या ॲडॉप्टरमध्येही नाही. तिथे ही आयुष्यभर हातानंच फोकस करावी लागली असती. मग तुमच्याकडच्या एका डी ७५०वर ती लावून बटण अर्धं दाबलंत. घरघर झाली आणि फोकस लागला. तो आवाज मी लहानपणी वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्यात ऐकला होता.

डी ७५० मी सेकंडहँड घेतला, दुसरीकडून, कारण तुमच्याकडचा गिऱ्हाइकाचा होता. तुम्ही एका लेन्सच्या सफाईचे पैसे घेतलेत, बाकी कशाचेही नाही.

आमच्या घरी वडिलांनी याच ५० एमएमनं फिल्मवर काढलेला एक फोटो आहे. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून शेंगा सोलतेय, वरची चौकट आणि शेजारची पाण्याची घागर दोन्ही येतात. तसाच फोटो काढायचा मी कितीदा प्रयत्न केला. डी ५३००वर त्याच लेन्सनं घागर कापली जायची, आणि मागे सरकलो की पाठ भिंतीला टेकायची. गेल्या रविवारी आई पुन्हा तिथे बसली होती. डी ७५०वर तीच लेन्स लावून भिंतीपासून दोन पावलं पुढे उभा राहिलो, तर घागर आली, चौकटही आली. वडील इथेच उभे राहिले असणार.

त्या फोटोची प्रत सोबत ठेवतोय. काउंटरच्या काचेखाली जागा असेल तर लावा.

तुमचा,
साताऱ्याचा पिशवीवाला