मिस्त्रीकाका, तुमच्या त्या "नाही जमत जी"साठी

मिस्त्रीकाका, नमस्कार. तुम्ही मोबाईल पाहत नाही माहीत आहे, पण नातीला सांगून ठेवलंय वाचून दाखव म्हणून, आणि आपल्याकडे ज्यांची जुनी मातीची घरं आहेत त्यांनीही वाचावं म्हणून इथेच लिहितो.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि रात्री परसात जाणं बंद झालं. मला वाटलं त्यात काय, माजघराच्या मागच्या भिंतीला चिकटून संडास-बाथरूम काढू, वर स्लॅब, पंधरा दिवसांत काम खतम. तुम्ही आले, चहासुद्धा घेतला नाही, आधी भिंत पाहिली. एका ठेकेदाराने तिला सिमेंटचं प्लास्टर मारून दिलं होतं, ते तुम्ही थापीच्या टोकानं उचकलं तर अख्खा पोपडा हातात आला, आणि मागची पांढरी माती अशी ओली की बोट रुतावं. मे महिना, बाहेर 45 डिग्री आणि भिंत ओली! "सिमिटानं भितीचं तोंड दाबलं ना बाप्पा, ओल जाईन कुठं? अन् हिलेच चिकटून न्हाणी? नाही जमत जी, मी नाही करत."

राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. तुम्ही म्हणाले, सेवाग्रामले जाऊन पाहून या. शाळेच्या सहलीत गेलो होतो, पण तेव्हा सगळं लक्ष डब्याकडे. बापू कुटी आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेनची होती, गांधीजी राहायला आले तेव्हा ती वाढवली हे या वेळेस समजलं, आणि वाढवली तरी माती, बांबू, कवेलू (कौलं) तेच.

मग तुमच्या मनासारखं केलं. न्हाणी भिंतीपासून तीन हात लांब, मधे कवेलूची छोटी पडवी, तीही जुन्या वळचणीच्या खालून काढली म्हणजे छपराचा एकही फाटा कापायला नको. दारासाठी भिंत फोडली नाही, जुन्या खिडकीचाच खालचा भाग उतरवला, वरची सागवानी पाटी होती तशीच. पायव्यासाठी काळी माती खोदत खोदत मुरूम लागेपर्यंत गेले, मी मजुरीवरून कुरकुर केली, तर तुम्ही शेतातली भेग दाखवली ज्यात माझा हात मनगटापर्यंत गेला. पावसाळ्यात हीच माती फुगते, नवी भिंत हलणारच, जुनीला बांधली तर तिलाही घेऊन जाईन, म्हणाले. हे मला इतक्या सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

माजघराचं सिमेंट सगळं खरवडून चुन्याचं प्लास्टर केलं तेव्हा शेजारचे हसले. त्यांना हसू द्या, दोन पावसाळे झाले, भिंत कोरडी आहे.

हिशोबाच्या वेळी मी वर काही द्यायला गेलो तर घेतलं नाही, "म्हातारीले विचारा जमलं का" एवढंच. विचारलं. न्हाणीत बसल्यावर हात पुरेल एवढ्या उंचीवर तुम्ही कोनाडा ठेवला होता ना, मला तेव्हा फालतू काम वाटलं होतं, त्यात ती साबण, बॅटरी आणि तंबाखूची डबी ठेवते. डबीचं मला माहीत नाही असं तिला वाटते.

पोळ्याला जेवायला या, काकूंना घेऊन. कवेलू उरलेत थोडे, तुमच्या नावानं गोठ्यात रचून ठेवलेत.