स्वयंपाकघराच्या दारातून दिसणारा टीव्ही

पुणे, रविवार

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, टीव्हीच्या मागची उजेडाची पट्टी गेली आणि अर्धा पडदा काळवंडला, हे तुम्ही सांगितलंत. दुकानदार काय म्हणाला तेही वाचून दाखवलंत. फोनवर मी 'बघते' एवढंच म्हटलं, कारण मला जे सांगायचं आहे ते आईशीही बोलायचं आहे.

आई, दिवाळीत तू दाराशी पाटावर मेथी निवडत बसली होतीस. मालिका चालू होती आणि तू विचारलंस, "हिचा चेहरा असा पांढराफटक का गं दिसतो?" मी बाबांच्या शेजारी होते, मला तर तो चेहरा अगदी टवटवीत दिसत होता. नंतर तू चहा टाकायला आत गेलीस तेव्हा मी तुझ्या पाटावर बसून पाहिलं. काळी साडी राखाडी, लाल कुंकू विटकं, सगळ्या चित्रावर धुकं पसरल्यासारखं. सहा वर्षं तू हेच बघत होतीस, आणि तो टीव्ही मीच पाठवलेला. घेताना मी फक्त बाबांच्या खुर्चीचा विचार केला होता. हे तेव्हापासून मनात सलतंय.

आपल्या जुन्या डब्याच्या टीव्हीत हा त्रास नव्हता, आठवतं? त्यात काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचे ठिपके असायचे. मागच्या नळीतून इलेक्ट्रॉनचा झोत त्यांच्यावर पडला की ते स्वतः उजळायचे, आणि त्यांचा उजेड सगळ्या दिशांना सारखा जायचा. म्हणून तू दारातून बघ नाहीतर शेजारच्या काकू खिडकीतून बघोत, चित्र तेच.

सपाट एलसीडीत पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे एलईडीच्या पट्ट्या लावलेल्या असतात, आणि पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखे तो उजेड अडवतात किंवा सोडतात. गंमत त्या झडपांच्या मांडणीत आहे. 'व्हीए' प्रकारात स्फटिक काचेला काटकोनात उभे असतात. समोरून बघताना ते उजेड छान अडवतात आणि काळा रंग गडद दिसतो. बाजूने मात्र त्यांच्यातून उजेड झिरपतो. आपला आत्ताचा टीव्ही हाच. 'आयपीएस' प्रकारात स्फटिक काचेला समांतर राहून जागच्या जागी फिरतात, त्यामुळे तिरप्या जागेवरूनही रंग फारसे उतरत नाहीत. त्याचा काळा मात्र तितका काळा नसतो. त्यात सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातलं प्रमाण साधारण 1000 ला 1 असतं, तर व्हीएमध्ये ते 3000 ते 5000 ला 1 पर्यंत जातं.

खोक्यावर यातलं काही लिहिलेलं नसतं. 178 अंशांचा कोन दोन्ही प्रकारांवर छापतात, कारण मोजण्याची पद्धतच सैल आहे: काळ्यापेक्षा पांढरं दहापट उजळ दिसलं की तो कोन धरतात. म्हणून काल मी दुकानात एकेका टीव्हीच्या बाजूला, तुझा पाट जिथे येईल त्या कोनात, उभी राहून माणसांचे चेहरेच बघितले.

बाबा, तुमचा दुकानदार क्यूएलईडी आणि ओएलईडी 'एकच, फक्त कंपनी वेगळी' म्हणाला, ते बरोबर नाही. क्यूएलईडी म्हणून जे विकतात तो एलसीडीच असतो. मागच्या निळ्या उजेडापुढे क्वांटम डॉट्सचा थर असतो, म्हणजे काही नॅनोमीटरचे कण. कण केवढा आहे त्यावर तो लाल उजेड देणार की हिरवा हे ठरतं. या कणांच्या शोधासाठी 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, काम खरोखर सुंदर आहे. रंग त्याने शुद्ध होतात, पण पुढच्या झडपा तशाच राहतात. व्हीए असेल तर आईला पुन्हा धुकंच दिसणार.

ओएलईडीत मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणजे जुन्या डब्याचाच गुण परत आला. बंद ठिपका पूर्ण काळा. बाजूनेही चित्र उत्तम. तुम्ही दोघं रात्री फक्त सिनेमे बघत असतात तर मी डोळे झाकून तोच घेतला असता. पण बाबा, तुमची बातम्यांची वाहिनी सकाळपासून चालू असते. खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातलं चिन्ह तासन्‌तास जागचं हलत नाही. ओएलईडीतला सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतो, आणि जिथे एकच चित्र सतत असतं तिथे जास्त झिजून कायमची सावली उमटू शकते. ते टाळायच्या सोयी दिलेल्या असतात, तरी मला ही जोखीम नको. तुम्ही बातम्या कमी कराव्यात असंही मला म्हणायचं नाही.

55 इंची आणि फोरकेचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके असलेल्या पडद्याचा, आग्रहही सोडा. 43 इंची पडदा सुमारे 95 सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीत त्यात आडवे 1920 ठिपके, म्हणजे एक ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर. तुमची खुर्ची दहा फुटांवर आहे, आणि तेवढ्यावरून चांगल्या नजरेलाही पाऊण मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपके सुटे दिसत नाहीत. त्यापेक्षा डीटीएचवाल्याकडून तुमच्या मराठी वाहिन्या, जिथे मिळतात तिथे, एचडीत करून घ्या. साध्या वाहिनीच्या चित्रात 576 ओळी असतात, एचडीत 1080. महिन्याला थोडे जास्त पैसे जातील, पण फरक पहिल्या दिवशी दिसेल.

बाबा, तुम्ही रिमोटने सारखे रंग वाढवता, त्याचं कारण टीव्हीत नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग अडवतं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावर तुम्हाला सगळं निळसर वाटलं होतं, ते म्हणूनच. डावा अजून व्हायचा आहे. तो झाला की मी येऊन रंग एकदाच नीट लावून देईन, तोवर 'सिनेमा' मोड असू द्या. दुकानात लावतात तो झगझगीत 'व्हिविड' नको. आणि रात्री दिवे पूर्ण बंद करून बघू नका. टीव्हीच्या मागे छोटा दिवा लावला की डोळ्यांवर झगमग येत नाही, आणि आयपीएसचा तो थोडा फिका काळाही खटकत नाही.

तर 43 इंची आयपीएस घेतलाय. शनिवारी माणूस बसवायला येईल. तो नेहमीसारखा भिंतीवर उंच ठोकायला बघेल, त्याला थांबवा. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येते. फिरणारा ब्रॅकेट सोबत आणतेय. आई, तू पाट घेऊन तुझ्या जागी बस, मग तुझ्या डोळ्यांच्या उंचीला धरून मी भिंतीवर पेन्सिलने खूण करते.

तुमची लाडकी,
मुलगी