बार्नम तुझा, छत्रे माझे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्या अमेरिकन खेळवाल्या बार्नमचं पुराण, आणि माझ्या तब्येतीची चौकशी ताजा कलमात! रागावलो नाही. एका सर्कसवेड्याला दुसऱ्याचा राग येत नाही, वाद घालायची खुमखुमी तेवढी येते. तर घे.

बार्नम मोठा होता, कबूल. साठी गाठल्यावर, १८७१ मध्ये, माणूस सर्कशीच्या धंद्यात उतरतो आणि तिथेही सगळ्यांना मागे टाकतो, याला छाती लागते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला जंबो हत्ती त्याने १८८२ मध्ये दहा हजार डॉलरला उचलला. इंग्लंडात लोकांनी आकांडतांडव केलं, आणि या पठ्ठ्याने त्या आरड्याओरड्याचीच जाहिरात करून घेतली. हा किस्सा वाचून मीही हसतो. पण जॉइस हेथचं प्रकरण तू किती सफाईने गाळलंस! १८३५ मध्ये एका आंधळ्या, लुळ्या, गुलामीत जन्म काढलेल्या म्हातारीला त्याने जॉर्ज वॉशिंग्टनची १६१ वर्षांची दाई म्हणून गावोगाव मांडलं. ती मेल्यावर तिचं शवविच्छेदनसुद्धा तिकीट लावून दाखवलं. त्या माणसाचं कौतुक करताना मला दर वेळी इथे ठेच लागते.

माझं दैवत तुला ठाऊक आहेच. विष्णुपंत छत्रे. आणि पैजेची गोष्ट सांगून मोकळा होईन असं समजू नकोस. ती तुला पाठ आहे: १८७९ मध्ये चिआरिनीची रॉयल इटालियन सर्कस मुंबईत आली, हिंदुस्थानात स्वतःची सर्कस व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे असं तो म्हणाला, आपल्यासारखी घोड्यावरची कामं सहा महिन्यांत करून दाखवणाऱ्याला हजार रुपये आणि एक घोडा देऊ केला, आणि कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पदरी घोडे शिकवणाऱ्या या चाबूकस्वाराने तो विडा उचलला. २० मार्च १८८० ला कुरुंदवाडात ग्रेट इंडियन सर्कसचा खेळ उभा. मराठी माणसाला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात साहेबाचं नाक कापलं जातं. मला त्या नाकात रस नाही. इतक्या थोड्या दिवसांत हे जमलं कसं, यात आहे.

धावत्या घोड्यावर उभं राहणं म्हणजे काय, हे आपण पहिल्या रांगेतून, तोंडावर भुसा उडवून घेत पाहिलंय. रिंगणाचा व्यास ४२ फूट. आधुनिक सर्कशीचा आद्यपुरुष, लंडनचा फिलिप अ‍ॅस्टली, त्याच्यापासून जगभर तोच चालत आला, आणि त्याला कारण आहे. तेवढ्या वर्तुळात घोडा सारख्या वेगाने फिरला की तो आत कलतो, वरचा माणूसही आत कलतो, आणि बाहेर फेकणारा जोर त्या कलण्याने तोलला जातो. घोड्याच्या पाठीवर राळेची पूड चोळलेली असते, म्हणजे तळपाय सरकत नाही. पण राळ काय करणार, घोड्याची चाल चुकली तर? ना दुडकी, ना भरधाव, ती मधली चाल लागते: टापांचे तीन ठोके आणि मग क्षणभर पोकळी, पुन्हा तीन ठोके. वरच्या माणसाने गुडघे सैल सोडून त्या ठोक्यांवर स्वतःला सोपवायचं असतं. घोडा अर्ध्या पावलाने जरी बिचकला तरी स्वार भुशात. म्हणजे पैज होती घोडा तयार करण्याची. आणि विष्णुपंतांचा जन्म त्यातच चाललेला होता. चिआरिनीने आव्हान नेमक्या चुकीच्या माणसाच्या कानावर घातलं!

आता माझा खरा मुद्दा. हा चाबूकस्वार ग्वाल्हेरला जाऊन हद्दू खाँसाहेबांकडे गाणंही शिकला होता. गाणं आणि घोडा, दोन्हीकडे लय आधी ऐकू यावी लागते, असं मी तरी मनाशी धरून चाललो आहे. तू हसशील, हस.

पुढे विष्णुपंतांचा तंबू गावोगाव फिरत असताना त्यांना हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ भेटले. कुठे, तर काशीत, रस्त्यावर. भान हरपलेलं, अफूचं व्यसन, अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नाही. गुरूचा मुलगा म्हणून चार पैसे हातावर ठेवून पुढे गेले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. विष्णुपंतांनी त्यांना उचलून बरोबर आणलं आणि सर्कशीबरोबर देशभर सांभाळलं. वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यांच्या, हत्ती-घोड्यांच्या त्या लवाजम्यात ग्वाल्हेर घराण्याचा एक अलौकिक गवय्या! मुक्कामाच्या गावी त्यांच्या बैठकी होत. भूगंधर्व म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. अब्दुल करीम खाँच्या गाण्यावर त्यांच्या गायकीची छाया आहे हे तर जाणकार सांगतातच. त्यांच्या उतारवयातल्या ध्वनिमुद्रिका तुला मिळाल्या तर ऐक. खरखर फार आहे, पण स्वर लागला की ती ऐकू येईनाशी होते.

इथे मला तुझा बार्नम पुन्हा आठवतो. त्यानेही एक गायिका आणली होती की! १८५० मध्ये जेनी लिंड, रात्रीला हजार डॉलर. करार केला तेव्हा त्याने तिचं गाणं एकदाही ऐकलेलं नव्हतं. तिची ख्याती ऐकली, हिशेब मांडला आणि जुगार खेळला. चुकला नाही, पैसाही रग्गड मिळवला. पण विष्णुपंतांना रहिमत खाँच्या गळ्यात काय आहे हे आतून कळत होतं, आणि ज्या अवस्थेत तो माणूस सापडला त्यात हिशेब मांडायला काही उरलंच नव्हतं. रहिमत खाँच्या नावावर गर्दी जमत नसेल असं मी म्हणत नाही. विष्णुपंत काही संन्यासी नव्हते, तंबूचा खर्च रोजचा असतो. तरीही या दोन खेळिया माणसांतला फरक मला तिथे दिसतो.

दुसऱ्याच्या अंगातली करामत ओळखायची ही नजर विष्णुपंतांना केरळातल्या तेलीचेरीतही उपयोगी पडली. तिथे त्यांना कीलेरी कुन्हिकन्नन भेटले, कलरी या केरळी युद्धकलेत मुरलेले कसरतीचे गुरुजी. सर्कशीला कसरतपटू हवेत, ते तुम्ही घडवा, असं ठरलं. १९०१ मध्ये गुरुजींनी चिरक्करा गावात सर्कशीची शाळा काढली, आणि १९०४ मध्ये त्यांच्याच शिष्याची, परियाली कन्ननची, मलबार ग्रँड सर्कस निघाली. आपण जन्मभर ज्या झुल्यावरच्या मल्याळी पोरापोरींना पाहून टाळ्या पिटल्या, त्यांच्या मुळाशी कृष्णाकाठचा हा माणूस आहे. सांगलीकरांना हे सांगितलं की छाती फुगते. तेलीचेरीकरांना विचारशील तर श्रेय अर्थातच गुरुजींचं, आणि त्यांचंही खरं आहे.

आता तंबू विरळ झाले. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वलं रिंगणाबाहेर गेली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. झालं ते बरंच झालं, तू कितीही हळहळलास तरी. पिंजऱ्यातल्या वाघाच्या डोळ्यांत मला कधीच मौज वाटली नाही. घोड्यावर उभा राहणारा तयारीचा माणूस मात्र आता शोधूनही सापडत नाही, ही माझी तक्रार.

विष्णुपंत १९०५ मध्ये गेले. रहिमत खाँ त्यांच्यामागे कुरुंदवाडातच राहिले आणि १९२२ मध्ये तिथेच वारले. दिवाळीनंतर इकडे ये, आपण कुरुंदवाडला एक चक्कर मारू, नृसिंहवाडी जवळच आहे म्हणजे वहिनीही कुरकुर न करता येतील. येताना बार्नमचं आत्मचरित्र घेऊन ये, मला त्यातलं जेनी लिंडचं प्रकरण मुळातून वाचायचंय. जंबोचं तू मोठ्याने वाचून दाखवू नकोस, ते मला पाठ झालंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता

ता. क. गुडघा बरा आहे. विचारल्याबद्दल आभार, उशिरा का होईना.