रीस्टार्टमध्ये पुसला जाणारा पुरावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘सर्व्हर बंद पडला होता, रीस्टार्ट केल्यावर सुरू झाला’ एवढ्यावर प्रकरण मिटवायची सवय सोडायला हवी. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पॅनिक झाला (न सावरता येणाऱ्या चुकीमुळे कोसळला) की त्या क्षणी नेमके काय चालले होते ते फक्त रॅममध्ये असते. लॉग फाइलीत बहुधा काहीच सापडत नाही, कारण शेवटच्या ओळी डिस्कवर लिहायला कोसळलेल्या कर्नलला उसंतच मिळत नाही. रीस्टार्ट केला की रॅम गेली, पुरावा गेला, आणि तोच बिघाड काही दिवसांनी पुन्हा दारात.

यावरची सोय, केडंप, २००५ पासून लिनक्समध्येच आहे. बूटच्या पर्यायांत ‘क्रॅशकर्नल’ लिहून थोडी रॅम राखून ठेवायची. तिथे दुसरा छोटा कर्नल तयार असतो. मुख्य कर्नल कोसळताच तो चालू होतो आणि जुन्या रॅमची प्रत, म्हणजे व्हीएमकोर, बाहेर काढतो. ही प्रत नेटवर्कवरच्या वेगळ्या सर्व्हरवर पाठवावी, असा आमचा आग्रह आहे. दोष डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्येच असेल तर त्याच मशीनच्या डिस्कवर काय उतरणार?

त्या सर्व्हरवर डंपसाठी स्वतंत्र युजर आणि स्वतंत्र पार्टिशन ठेवावे. प्रत एसएसएचने (सुरक्षित जोडणीने) पाठवायची तर त्याची किल्ली पासफ्रेजविना (पासवर्डाविना) हवी, कारण दुसऱ्या कर्नलसमोर पासफ्रेज टाइप करायला कोणी बसलेले नसते. रेड हॅट कुळातल्या लिनक्समध्ये ‘केडंपसीटीएल प्रोपगेट’ ही आज्ञा ती किल्ली सर्व्हरवर पोहोचवते. मग केडंप रीस्टार्ट करावे. एसएसएचऐवजी एनएफएस (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचे फोल्डर वापरण्याची पद्धत) वापरत असाल तर त्यातले रूट स्क्वॅश तपासा. ते चालू असले की रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी युजरचा, अधिकार नसलेला ‘नोबडी’ होतो आणि लिहिण्याची परवानगी नाकारली जाते. प्रत गाळून लहान करणाऱ्या मेकडंपफाइल प्रोग्रॅमला डंप लेव्हल ३१ द्यावी. शून्यांनी भरलेली, कॅशची, युजर प्रोग्रॅमची आणि रिकामी पेजेस (रॅमचे तुकडे) गाळली जातात आणि फाइल पुष्कळ लहान होते.

सगळ्यात जास्त फसगत राखीव रॅममध्ये होते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये इंटेल-एएमडीच्या ६४-बिट मशीनांसाठी, ४ ते ६४ जीबी रॅमच्या मशीनला २५६ एमबी आणि त्यापुढे ५१२ एमबी असे मूळ माप आहे. नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर जड असले की हे अपुरे पडते. दुसरा कर्नल सुरू होतो, ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणतो आणि मशीन रीस्टार्ट होते. सर्व्हरवर काहीच पोहोचत नाही. म्हणून ‘केएक्सेक क्रॅश लोडेड’ फाइलीत १ दिसला यावर समाधान मानू नये. दुसरा कर्नल रॅममध्ये चढला, एवढेच तो १ सांगतो. त्या कर्नलमध्ये नेटवर्क उभे राहील की नाही, हे मशीन मुद्दाम पाडल्याशिवाय कळत नाही. देखभालीची वेळ ठरवून, सेवा थांबवून, ‘सिंक’ करून (लिहायचे राहिलेले डिस्कवर उतरवून) सिस-आरक्यू ट्रिगर या कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या फाइलीत ‘सी’ लिहावे. कर्नल, नेटवर्क कार्ड किंवा बाँडिंग (अनेक कार्डांची एकत्र जोडणी) बदलले की ही चाचणी पुन्हा करावी. हीच पायरी सर्रास गाळली जाते, याची खंत वाटते.

क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनांच्या गटात, आणखी एक अडचण असते. जोडीदार नोड (गटातले दुसरे मशीन) फेन्सिंग करून, म्हणजे बिघडलेल्या मशीनला बाजूला काढण्यासाठी, त्याची वीज तोडतो आणि डंप अर्धवट राहतो. तिथे ‘फेन्स केडंप’ लावावे, म्हणजे डंप चालू असल्याचे जोडीदाराला कळते. मशीन पॅनिक न होता नुसतेच गोठत असेल तर कर्नलचे ‘अननोन एनएमआय पॅनिक’ हे सेटिंग १ करून आयपीएमआयवरून (मशीन दुरून हाताळण्याच्या हार्डवेअर सोयीवरून) ‘पॉवर डायग’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे कर्नल पॅनिक होतो.

हाती आलेली फाइल ‘क्रॅश’ या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये उघडायला कोसळलेल्या कर्नलच्या नेमक्या त्याच आवृत्तीचे डीबगइन्फो (कर्नलच्या आतल्या नावांची व रचनेची माहिती) लागते. जुने कर्नल काढून टाकण्याआधी ते जपून ठेवावे. लेव्हल ३१ नंतरही व्हीएमकोरमध्ये कर्नलच्या ताब्यातल्या गुप्त किल्ल्या उरू शकतात. म्हणून फोल्डरची परवानगी ७०० ठेवावी आणि निदान झाले की फाइल पुसावी.

आपले,
सर्व्हरची देखभाल करणारे काही वाचक