लेगोचा ताजमहाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२००८ साली प्रथम आलेला आणि २०१७ मध्ये ५,९२३ तुकड्यांसह पुन्हा बाजारात आणलेला लेगोचा ताजमहाल नुकताच जोडून पूर्ण केला. चारही बाजू सारख्याच असल्याने तीच कमान पुन्हा पुन्हा रचताना कंटाळा येतो, हे खरे. पण मूळ वास्तूची सममिती किती काटेकोर आहे, हे तेव्हाच उमगते. एक उणीव मात्र खटकते. आग्र्याचे मिनार किंचित बाहेर झुकलेले आहेत (ते कोसळलेच तर मुख्य वास्तूवर पडू नयेत म्हणून, असे सांगतात), प्रतिकृतीत ते सरळसोट उभे आहेत. घुमटाची गोलाई ज्या खुबीने साधली आहे, तिला दाद द्यायलाच हवी. आपल्या पुरवणीतील अशा परीक्षणांत किंमत आणि तुकड्यांच्या संख्येबरोबरच मूळ वास्तूशी तुलनाही यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे