आडव्या गल्ल्यांनी जा

सोलापूर

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू ॲमस्टरडॅमला जाणार, असं आई म्हणाली. तिथल्या 'नऊ गल्ल्या' बघायच्या तर कालव्याच्या काठाकाठाने चालू नकोस, कालवे आडवे ओलांडत जा. १६१३ पासून हे कालवे खणले, तेव्हा काठावरच्या जागा बड्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांना गेल्या आणि ठोकाठोकीच्या, वासाच्या धंद्यांना तिथं मनाई झाली. दुकानदार आणि कारागीर मधल्या गल्ल्यांत शिरले, ते अजून तिथंच आहेत. 'नऊ गल्ल्या' हे नाव मात्र अलीकडचं, १९९० नंतर दुकानदारांनीच पाडलेलं.

गावाच्या मध्यातून बाहेर जाताना आधी सिंगेल हा जुना कालवा, मग नवे हेरेन, कायझर्स, प्रिन्सेन. शेवटचे तीन एच, के, पी असे वर्णानुक्रमाने येतात. कालवे अर्धगोल वळलेत. आपण सरळच चाललोय असं वाटतं आणि दिशा केव्हाच फिरलेली असते. चुकलीस तर घरांचे नंबर बघ: या तिन्हींवर विषम नंबर मध्याकडच्या काठाला, सम पलीकडे.

वेस्टरकेर्क या चर्चच्या मुकुटवाल्या मनोऱ्यापासून सुरू कर. रेस्त्रात, हार्टेनस्त्रात ('स्त्रात' म्हणजे रस्ता) अशी सरळ सिंगेलपर्यंत जा. तिथून दक्षिणेला पुढच्या ओळीत शिर आणि वोल्वेनस्त्रात, बेरेनस्त्रात करत प्रिन्सेनवर परत ये. मग रुनस्त्रात, हाउडेनस्त्रात. आपल्या मागावरचा धोटा जातो-येतो तसं. सगळं मिळून दीडेक किलोमीटर.

नावं नीट वाच: हरीण, लांडगा, अस्वल, कातडी. इथं चामड्याचा धंदा होता. 'रुन' म्हणजे ओकच्या सालीचा भुगा. आपल्याकडे कातडं कमावायला बाभळीची साल वापरायचे, तेच काम. मान वर केलीस की घरांच्या माथ्यावर तुळई आणि आकडा दिसेल. जिने इतके अरुंद की सामान दोराने बाहेरूनच चढवायचं. ते भिंतीला घासू नये म्हणून घराचं तोंड जरा पुढं कललेलं.

लाल रस्ता सायकलींचा, फोटोसाठी त्यावर उभी राहू नकोस. बरीच दुकानं रोकड घेत नाहीत, कार्ड ठेव. अकराच्या सुमारास पोचलीस तर गर्दी कमी. कापडाचा बाजार मात्र सोमवारी सकाळी वेस्टरस्त्रातवर भरतो, तो तुझा चुकणार.

जुना लोकरी कोट घ्यायचा असेल तर बाहेर उजेडात धर. काखेत, कॉलरखाली, बाहीच्या दुमडीत टाचणीएवढी भोकं दिसली तर ती कसर. भोक एकच दिसलं तरी परत ठेवून दे, आत अंडी असू शकतात. अस्तर उलटून शिवण दोन्ही बोटांनी ताण. दोरा करकरला तर कापड बरं असलं तरी शिवण मेलेली. आणि चांगला वाटला तरी घरी नेल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेव, मगच कपाटात.

तुझे,
बाबा