मा. आरोग्यमंत्री महोदय, पाटी तेवढी उतरवा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडल्या एका डोंगरी गावात दूध संस्थेचा सचिव आहे. लिहायची सवय म्हणाल तर दुधातल्या फॅट आणि एसएनएफचे आकडे मांडण्यापुरती. चूकभूल पदरात घ्यावी.

गेल्या महिन्यात माझ्या बायकोला पान लागलं. मंत्रालयात हा शब्द पोचला नसेल म्हणून सांगतो, साप चावला. संध्याकाळी उसाच्या बांधावर वैरण कापताना घोणसीनं पाय धरला. आमच्या आरोग्य केंद्राच्या नव्या इमारतीवर '24 तास सेवा' अशी हातभर अक्षरांची पाटी आहे. उद्घाटनाला मी होतो. माइकवरून सांगितलं होतं की आता कुणाला औषधपाण्यासाठी कोल्हापूर गाठावं लागणार नाही. टाळ्या मीही वाजवल्या.

शेजारीपाजारी म्हणत होते, आधी देवळात नेऊया. मी पडलो शिकलेला, त्यांच्यावर ओरडलो आणि बायकोला मोटारसायकलवर मधे बसवून पंधरा मिनिटांत केंद्रात नेलं. डॉक्टर मीटिंगला गेलेले. फार्मसिस्ट रजेवर आणि औषधांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडं. सिस्टरनं पाय बघितला, सलाईन लावलं आणि चिठ्ठी लिहिली, 'पुढील उपचारासाठी रवाना'. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली. शेवटी आमच्या दुधाच्या टेम्पोतले कॅन खाली काढले आणि तिला आडवं घातलं. तालुक्याला सर्पदंशाच्या लसीच्या चार बाटल्या निघाल्या आणि सोबत दुसरी चिठ्ठी. कोल्हापुरात पोचेपर्यंत साडेचार तास झाले होते. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

सिस्टरवर माझा राग नाही. पोरगी कंत्राटी आहे, दोन उपकेंद्रांचं काम एकटी ओढते. तिचे डोळे मला त्या रात्री आमच्यापेक्षा घाबरलेले दिसले.

शहरातल्या खाजगी दवाखान्यात नऊ वेळा डायलिसिस झालं. घोणसीच्या विषानं रक्त गोठत नाही आणि मूत्रपिंडं बसतात, हे तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. ते असंही म्हणाले की विष भिनलंय का, हे ओळखायला मशीन लागत नाही. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही. गोठलं नाही तर लस सुरू करायची, पहिला डोस दहा बाटल्यांचा. साहेब, काचेची नळी! आमच्या संस्थेत दूध तपासायला त्या खोकं भरून असतात.

बिल 2 लाख 85 हजार. '5 लाखांचं कवच' लिहिलेलं सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड मी खिशातून काढलं. उत्तर मिळालं, योजनेतले बेड भरलेत, थांबायचं असेल तर थांबा. थांबलो असतो तर कवच कार्डाला राहिलं असतं, बायको राहिली नसती. दोन मुऱ्हा म्हशी विकल्या.

म्हशींचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्या गावात म्हैस अडली आणि रात्री दोनला फोन केला, तर दूध संघाचा डॉक्टर गाडी घेऊन गोठ्यात हजर होतो. दूध चार अंशावर थंड ठेवायला बल्क कूलर आहे, वीज गेली की पाच मिनिटांत जनरेटर सुरू होतो. आणि लसीबद्दल विचारलं तर केंद्रात मला ऐकवलं, फ्रीज नादुरुस्त आहे. ही लस भुकटीच्या रूपातही येते आणि तिला फ्रीजची सक्ती नसते, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. तुमच्या खात्याला कोण सांगणार? पुढच्या जन्मी आमच्या मंडळींना म्हशीचा जन्म मिळावा, एवढी शिफारस आपण केलीत तरी उपकार होतील.

आता थोडा हिशोब. देशात सर्पदंशानं वर्षाला सुमारे 58 हजार माणसं मरतात, असं अभ्यास सांगतात. म्हणजे तासाला सहा-सात. भागाकार चुकला असेल तर आपले सचिव दुरुस्त करतीलच. केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये कृती आराखडा काढला, 2030 पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे. आराखडा मुंबईपर्यंत आला असेल, पुढं घाट लागतो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की राज्यांनी अर्थसंकल्पातला 8 टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करावा. आपण त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतोय. पण आठशेहून जास्त किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाला पैसा आहे, जो आमच्यातल्या कुणी मागितला नव्हता. आम्ही धनगरवाड्यापर्यंत रस्ता मागतोय. तिथली बाळंतीण अजून डालग्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, घालून खाली आणतात.

आणि एक. शेतकरी साप चावून मेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून घरच्यांना 2 लाख मिळतात. माझी बायको जगली, त्यामुळं आम्ही अपात्र. मरणाला 2 लाख आणि जगवायला दहा बाटल्या नाहीत, हा हिशोब कुठल्या पक्षानं मांडला ते विचारणार नाही. सगळे बसलेत आळीपाळीनं त्या खुर्चीत. सगळ्यांच्या भाषणाची सुरुवात शाहू महाराजांच्या नावानंच होते. महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. केंद्रात डॉक्टर न धाडणाऱ्या खात्याला दंड किती, हे कुठल्या राजपत्रात बघायचं?

मागण्या फार नाहीत. पावसाळ्यात प्रत्येक केंद्रात दहा बाटल्या. किल्ली दोघांकडं. डॉक्टर मीटिंगला गेला तर जागेवर दुसरा. हे जमणार नसेल तर ती पाटी तेवढी उतरवा. तिच्या भरवशावर माणसं पंधरा-वीस मिनिटं वाया घालवतात, पाटी नसली तर सरळ कोल्हापूरचा रस्ता धरतील. शेजारी आता मला तोंडावर म्हणतात, देवळात नेलं असतं तर निदान नारळावर भागलं असतं. त्यांना काय उत्तर देऊ?

बायको आता घरी आहे. डाव्या पायाला चप्पल चढत नाही.

सोबत पहिल्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडली आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीच्या जागी 'करिता' लिहून सही केलेली आहे. सिस्टर म्हणते माझी नाही, डॉक्टर म्हणतात माझी नाही. कुणाची ते वाचता आलं तर कळवावे.

आपला,
दूध संस्थेचा एक सचिव
जि. कोल्हापूर